त्यांनी ठेवलेलं नाव

मला इथे, नेपाळमधल्या या कर्णबधिर मुलांच्या शाळेत, खुणेचं नाव आहे, आणि ते केव्हाचंच आहे, हे आज कळलं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

आज शनिवार, म्हणजे इथली सुट्टी. सकाळी मुली गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, मी कोपऱ्यात बसून मोजे जोडीला लावत होते. थोरलीनं खाली अंगणातल्या धाकटीला हात हलवून बोलावलं. मग डावं मनगट डोळ्यांसमोर आणलं, हनुवटी खाली घेत त्याच्याकडे एकदा पटकन पाहिलं, आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. थोड्या वेळानं धाकटी माझ्यासाठी चहा घेऊन वर आली. मला वाटलं, चहाची वेळ झाली असं म्हणाली असेल. तरी राहवलं नाही म्हणून जेवणानंतर सरांना विचारलं. सर स्वतः कर्णबधिर आहेत, माझ्यासाठी हात फार सावकाश चालवतात, नाही कळलं तर वहीत लिहून देतात. ते हसले. तेच मनगट, तेच बघणं, आणि मग माझ्याकडे बोट. घड्याळ बघणारी, ती मी.

मला खुणेचं नाव नाही म्हणून इतके दिवस मनातून खट्टू होते. इथे प्रत्येकाला असतं. मुख्याध्यापिकाबाईंना हनुवटीवरच्या तिळाचं, दिदींना नाकातल्या फुलीचं, गणिताच्या सरांना मिशीचं. आपलं आपण ठेवायचं नसतं, त्यांनी द्यायचं असतं. मी आपली बोटांनी एकेक अक्षर दाखवत राहायचे. अक्षरं देवनागरीच, त्यामुळे निम्मं काम सोपं, पण आडनावातल्या ‘ळ’पाशी गाडी अडायची, कारण नेपाळीत ‘ळ’ नाही. मुलं तेवढ्यात दुसरीकडे बघायला लागायची.

माझ्या आधी इथे आलेल्या त्या कोरियाच्या मुलीचं नाव गालावरची खळी आहे. अजून तिची आठवण निघते, अजून गालात बोट रुतवतात. तिला खळी आणि मला घड्याळ! रात्री उठून पांघरुणं घालते, वेण्या घालते, चित्रांची कार्डं करत बसते, त्यातलं काहीच दिसलं नाही का यांना? दुपारी खोलीत येऊन चक्क रडले. दादाला फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला. त्याला काय सांगणार होते? तो म्हणाला असता, तेच ते, त्याचं ठरलेलं.

आणि मी घड्याळ का बघते ते यांना कुठे माहीत आहे! नेपाळचं घड्याळ भारताच्या पंधरा मिनिटं पुढे चालतं. १९८६ मध्ये गौरीशंकर शिखराच्या रेखांशावरून त्यांनी आपली वेळ ठरवली. फोन आपोआप इथली वेळ दाखवतो. मनगटावर मात्र मी घरचीच ठेवली आहे. आईची सकाळची गोळी, दुपारची, रात्रीची. वहिनी सगळं बघते, वेळच्या वेळी बघते, मला काळजी करायचं काहीच कारण नाही. तरी नजर जाते. आता आई जेवली असेल, आता पडली असेल.

संध्याकाळी मुलांचं बोलणं लांबून बघत बसले होते, तेव्हा थोडं थोडं उलगडायला लागलं. इथे सगळं बोलणं डोळ्यांवर चालतं. समोरच्याची नजर ढळली की वाक्य हवेतच राहतं. आपण कुणी बोलत असताना कानात बोटं घालावीत, तसं ते होतं. सर शाळेत होते तेव्हा वर्गात खुणा करायच्या नव्हत्या, ओठांकडे बघायचं आणि तोंडानं बोलायला शिकायचं. काठमांडूत कर्णबधिरांची पहिली शाळा १९६६ साली निघाली, आणि वर्गात खुणांना मोकळीक मिळाली ती १९८८ च्या सुमारास. मधली सगळी वर्षं मुलं वर्गाबाहेर एकमेकांच्या हातांकडे बघत ही भाषा वाढवत होती. बघणं म्हणजे यांच्यासाठी काय आहे, ते मला आता कुठे कळतंय.

धाकटीचंच घ्या. सिंधुपाल्चोकच्या एका गावातून ती आली तेव्हा तिला कुठलीच भाषा नव्हती, ना नेपाळी, ना खुणांची. गावात तिला सगळे ‘लाटी’ म्हणायचे, मुकी-बावळट म्हणावं तसं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आपलं आहे हे तिला इथे आल्यावर कळलं. तिहार, म्हणजे इथली दिवाळी, आठवड्यावर आलाय, तिचे बाबा न्यायला येतील. घरी लाड होतील, भाईटीका, म्हणजे आपली भाऊबीज, होईल, मखमलीच्या फुलांची माळ भावाला घालेल, पण तिच्याशी बोलता येणारं घरात कुणी नाही. तेव्हा कोण बघतं आणि कुणाची नजर निसटते, हे तिला आधी दिसणार. मी कार्डं किती रंगवली याच्याशी तिला काय करायचंय?

दशैंची, म्हणजे इथल्या दसऱ्याची, आठवणही येऊन गेली, हॉस्टेल रिकामं झालं होतं तेव्हाची. जाऊ दे, तो विषय आज नको.

सरांना विचारलं, घड्याळ काढून ठेवलं तर? त्यांनी मिशीची खूण करून गणिताच्या सरांकडे बोट दाखवलं. त्यांची मिशी केव्हाच गेली, नाव तेच आहे. एकदा पडलं की पडलं. हे ऐकून मला उलट बरं वाटलं. मी गेल्यावरही इथे कुणीतरी मनगट उचलून माझ्याविषयी बोलेल. खळी नसेना का. त्यांनी मला पाहिलं, आणि जे होतं तेच पाहिलं. माझा अर्धा जीव साताऱ्यात आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग काढलं नाही. जेवणाआधी भिंतीवरच्या घड्याळाशेजारी हात धरून मुलींना दोन वेळा दाखवल्या. थोरलीनं पंधरा मिनिटांचा फरक लगेच ओळखला. धाकटीला प्रश्न पडला, मग तुझ्या आईकडे अजून दिवा लागला नाही? आईचा फोटो सगळ्यांच्या हातून फिरला. कपाळावरच्या मोठ्या कुंकवावरून तिला तिथल्या तिथे नाव मिळालंसुद्धा.

उद्या रविवार, शाळा आहे, म्हणून संध्याकाळचं ठरवलंय. इथले पावणेआठ, घरचे साडेसात. दादाला निरोप टाकलाय की फोन उभा धर, आईला दिव्याकडे तोंड करून बसव, आणि तिचे दोन्ही हात दिसू देत.