तुम्ही विचारलंत म्हणून: ‘यू१ए प्रथिन आणि आरएनए यांच्या जोडीची रचना तर १९९४ सालीच मिळाली, मग आता उरलं काय?’

हा प्रश्न सेमिनारनंतरच्या चहाला येतो, मुलाखतीत येतो, आता विद्यार्थीही विचारायला लागलेत. यू१ हा पेशीतला छोटा आरएनए, जनुकाच्या कच्च्या प्रतीतून नको ते तुकडे कापणाऱ्या यंत्रणेचा भाग. यू१ए हे प्रथिन त्या आरएनएचा दुसरा स्टेम-लूप, म्हणजे हेअरपिनसारखं वळण, कसा धरतं, हे केंब्रिजमध्ये कियोशी नागाई यांच्या गटाने क्रिस्टलमधून दाखवलं. लूपमधले बेस, म्हणजे आरएनएची अक्षरं, प्रथिनाच्या बीटा-शीट या सपाट भागावर पसरलेले, तेरावं टायरोसीन आणि छप्पन्नावं फेनिलअलानीन ही अमिनो आम्लं त्यांना चिकटून बसलेली. ते चित्र मी आजही वर्गात लावते, आणि मला ते दर वेळी तितकंच सुंदर वाटतं.

पण तो लग्न लागल्यानंतरचा फोटो आहे. जुळलं कसं, ते त्यात नाही. प्रथिन एकटं असतं तेव्हा त्याच्या टोकाचं हेलिक्स, म्हणजे पिळदार तुकडा, त्याच बीटा-शीटवर आडवं पडलेलं असतं. आरएनए बसायची जागाच झाकलेली. लूपही तेव्हा सैल असतो. शिवाय कुठला स्पर्श किती ताकदीचा, हे नुसतं बघून कळत नाही. छप्पन्नाव्या जागी अलानीन घातलं की पकड हजारो पटींनी ढिली पडते, हे मोजावंच लागलं.

फेलोशिपच्या मुदतवाढीला मी हेच सांगत होते. समितीतल्या ज्येष्ठांनी तिसऱ्या स्लाइडवर थांबवलं. “मॅडम, हे पाठ्यपुस्तकात आहे. नवीन काय?” मी यू२बी डबल प्राइम या प्रथिनावर आले. यू१एचं सख्खं भावंड, दोघांच्या लूपमधली अक्षरंही जवळपास सारखी. तरी ते यू२ या दुसऱ्या आरएनएचाच चौथा स्टेम-लूप निवडतं, आणि त्यासाठी त्याला यू२ए प्राइम या आणखी एका प्रथिनाची साथ लागते. उलट फळमाशीत एसएनएफ हे एकच प्रथिन दोन्ही कामं करतं. मग निवड ठरते कुठे? ते म्हणाले, “हे तपशील झाले.” बाकीचे कागद आवरायला लागले होते. मुदतवाढ मिळाली नाही. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधल्या माझ्या प्लाझ्मिडच्या नळ्या दुसऱ्याच्या डब्यात लावून दिल्या आणि मी प्रयोगशाळा सोडली. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. तपशील म्हणजे काय हो? पेशी या तपशिलावरच तर यू१ आणि यू२ वेगळे ओळखते!

त्यांच्या बाजूनेही एक मुद्दा होता, त्यांनी तो मांडला नाही. यीस्टमधलं यू१एचं प्रतिरूप, मड१, काढून टाकलं तरी यीस्ट जगतं. मग एवढी घट्ट पकड उत्क्रांतीत टिकली कशासाठी? माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर तेव्हा नव्हतं, आजही नाही.

“एसएमएचं नाव घे, पैसे मिळतील,” असंही सुचवतात. एसएमए म्हणजे स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार. रिस्डिप्लाम हे त्यावरचं औषध एसएमएन२ जनुकाच्या सातव्या एक्सॉनच्या, म्हणजे प्रतीत राखायच्या तुकड्याच्या, कडेला यू१ची पकड भक्कम करतं, हे खरं. पण ती पकड यू१ आरएनए आणि प्री-एमआरएनए, म्हणजे जनुकाची ती कच्ची प्रत, यांच्यातली. यू१एचा तिथे थेट संबंध नाही. पूर्वी मी अर्जात तो परिच्छेद घालायचे. तेव्हाची मी म्हणते, आधी काम सुरू तर होऊ दे. आताची मी तो खोडते, आणि अर्ज त्याने दुबळा होतो हेही मला दिसतं.