चढ नको गं बाई! थेऊर, राहूबेट, दोन जावा आणि दोन सायकली

आमच्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा जर्मनीत असतो. त्याने गेल्या उन्हाळ्यात डॅन्यूब नदीच्या काठाने सायकल मारली, पासाऊ ते व्हिएन्ना, तीनशेच्या वर किलोमीटर, आठवडाभर आरामात, आणि रोज फॅमिली ग्रुपवर फोटोंचा पाऊस. फोटोत काय, तर नदी, नदीला खेटून गुळगुळीत पट्टा आणि त्यावरून पांढऱ्या केसांची जोडपी निवांत चाललीयेत. चढ म्हणून कुठे दिसेना. त्याचं कारण त्यानेच सांगितलं, पूर्वी होड्या प्रवाहाच्या उलट न्यायच्या तर काठावरून घोडे दोर लावून ओढायचे, त्या घोड्यांच्या वाटांवरूनच आता बराचसा सायकलचा रस्ता जातो. ताईंनी (जाऊबाईंना मी ताईच म्हणते) सगळे फोटो बोटाने मोठे करकरून बघितले आणि म्हणल्या, "आपल्याकडं काय नद्या नाहीत का गं?"

आता पुण्यात सायकलवाला म्हणलं की तो वरच जाणार. सिंहगड, बोपदेव, खंबाटकी, मग घाटमाथ्यावर सायकल डोक्यावर धरून फोटो. मी एकदा बोपदेवला गेलेले, अर्धा घाट सायकल ढकलत, आणि शेजारून जाणारा प्रत्येक टेम्पोवाला "टाकायची का मागं" विचारत होता. त्यामुळे यावेळी ठरवलं की नदी जाते तिकडंच जायचं. नदीला पण चढ चढता येत नाही, आम्हालाही नाही. हिशेब सोपा आहे, पुणं साधारण 560 मीटर उंचीवर आणि दौंड 515 च्या आसपास, म्हणजे पाऊणशे किलोमीटरमध्ये जेमतेम 45 मीटरचा उतार. तो जाणवत नाही, पण परत येताना पोटऱ्यांना कळतो, म्हणून परतीचा विचार आम्ही केलाच नव्हता :)

जानेवारीतला रविवार, पहाटे सहाला निघालो. ताईंची सायकल म्हणजे पुढे बास्केट, मागे कॅरिअर, गिअर शून्य. त्या कॉलेजला असताना पुण्यात सगळ्या मुली सायकलवरच, पंधरा वर्षं चालवली आणि मग लग्न, स्कूटी, गुडघा. माझी म्हणजे त्याच जर्मनीवाल्या मुलाने जाताना इथे सोडलेली, 21 गिअरची, बारीक चाकांची. त्यातले मी तीन वापरते.

हडपसर संपेपर्यंत काही सांगण्यासारखं नाही, ट्रक आणि धूळ. पहिला थांबा कवडीपाट, लोणी काळभोरच्या अलीकडे. तिथे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे आणि हिवाळ्यात पक्षी बघायला कॅमेरेवाले पहाटेपासून बसलेले असतात. आम्हाला शेकाटे दिसले, लाल काड्यांच्या पायांचे, हळदीकुंकू बदकं दिसली (हे नाव मला फार आवडतं, चोचीवर खरंच पिवळंतांबडं असतं) आणि केशरी चक्रवाक. आणि त्या सगळ्यांच्या पायाखाली काळं पाणी, फेस, प्लॅस्टिक. हे पाणी आपलंच आहे, कोथरूडच्या माझ्या बेसिनमधलं सुद्धा. पुढे ते भीमेत जातं, मग उजनी धरण, मग पंढरपूरला त्यालाच चंद्रभागा म्हणून हात जोडायचे. ताई वारीला जातात. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणल्या "चल".

थेऊरला नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालते. चिंतामणीचं दर्शन, चहा, आणि मुख्य म्हणजे बाथरूम. बायकांनी असा रूट काढायचा असेल तर नकाशात आधी देवळं, पेट्रोल पंप आणि शाळा बघायच्या, बाकी सगळं नंतर. इथेच थोरले माधवराव गेले, 18 नोव्हेंबर 1772, क्षयाने, वय अवघं 27, आणि रमाबाई सती गेल्या, नदीकाठी त्यांचं स्मारक आहे. तिथे पाच मिनिटं बसलो. शाळेत पानिपतानंतरचे पराक्रमी पेशवे म्हणून तारखांसकट पाठ केलेला माणूस, आणि ताई म्हणल्या, "आपल्या मुलांएवढा होता गं".

थेऊरच्या पुढे खरी गंमत. आम्हाला वाटलेलं की नदीकाठचा रस्ता म्हणजे डाव्या हाताला सतत नदी दिसणार. अजिबात नाही! दोन्ही बाजूला डोक्याच्या वर ऊस, मध्ये आम्ही, आणि नदी कुठेतरी उसाच्या पलीकडे. आपल्याकडे नदीतून माल वाहून नेणाऱ्या होड्या नव्हत्या, घोडे नव्हते, त्यामुळे काठाने वाट असायचं कारणच नाही. पुराच्या भीतीने गावं उंचवट्यावर, रस्ते गावाला धरून, आणि नदीला जाते ती फक्त मोटारीची पाइपलाइन. मग नदी बघायची कशी? तर प्रत्येक गावात एक घाट असतो, तिथे जायचं.

पहिल्या गावात पारावरच्या आजोबांना विचारलं, "बाबा, घाट कुठंय?"

त्यांनी आमच्याकडे बघितलं, सायकलींकडे बघितलं, आवाज खाली आणला. "कुणाचा दहावा हाय?"

म्हणलं कुणाचा नाही, नदी बघायचीय.

"नदी? नदी काय बघायची?"

हे पुढे प्रत्येक गावात झालं. दशक्रिया घाटावर सायकलवर येणाऱ्या दोन बायका हे समीकरण कुणाला सुटेना. शेवटी ताईंनी उपाय काढला, महादेवाचं देऊळ कुठंय विचारायचं. नदीकाठच्या गावात महादेव बहुतेक पाण्याजवळच, आणि देवाला आलोय म्हणलं की पुढे प्रश्न नाही, उलट पाणी मिळतं, एका ठिकाणी तर शेंगा मिळाल्या ओंजळभर.

मध्ये पूल ओलांडून राहूबेटात शिरलो. मुळा-मुठा आणि भीमा या दोघींच्या मधली ही पट्टी, बेट म्हणतात पण चारी बाजूंनी पाणी नाही, पुढे दोघी एकत्र येतात त्यामुळे तीन बाजूंनी आहे. जमीन काळीभोर, सपाट म्हणजे लाटणं फिरवल्यासारखी. इथे सायकल चालवताना खरंच पाय हलतायत हे विसरायला होतं. फक्त उसाचे ट्रॅक्टर सांभाळायचे, दोन दोन ट्रॉल्या, मागे लाइट नाही आणि पुढे स्पीकर फुल. त्यांच्या ड्रायव्हरला स्वतःचा हॉर्न ऐकू येत नाही, तुमची घंटी काय ऐकू येणार, लांबून गाणं ऐकू आलं की सरळ खाली उतरायचं. बैलगाड्या मात्र छान, त्यांचा आणि ताईंचा स्पीड एकच. ऊसतोडीच्या एका टोळीतली बाई गाडीवरून ताईंशी किलोमीटरभर गप्पा मारत आली, पाटोद्याची होती, दिवाळीनंतर आलेली.

आणि मग सराटे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जमिनीलगत पसरणारं तण, त्याचं फळ म्हणजे काट्यांचा गोळा, कसाही पडला तरी एक टोक वर. त्यात बांधाला वेडी बाभूळ. माझ्या बारीक चाकाने फुस्स केलं, ताईंच्या जाड टायरला काही नाही. स्पेअर ट्यूब होती, यूट्यूब बघून शिकलेले, अर्ध्या तासात हात काळे करून बदलली सुद्धा, आणि मग लक्षात आलं की पंप घरी. ढकलत पंक्चरवाल्याकडे. त्याच्याकडे कॉम्प्रेसर, गाडीत भरतात तो. पण माझ्या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा म्हणतात तो, वर छोटा स्क्रू असतो. तो नॉझल त्यावर बसेना. हातपंप ताईंच्या व्हॉल्व्हला बसतो, माझ्या नाही. पंक्चरवाल्याने तो व्हॉल्व्ह चष्म्यातून, चष्म्यावरून, सगळीकडून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, ही सायकल हितली नाही." शेवटी त्याच्या पोराने जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा मध्ये घालून, तिघांनी दाबून धरून, निम्मी हवा भरली. पैसे घेतले नाहीत, म्हणाला काम झालंच कुठं.

निम्म्या हवेवर गुऱ्हाळापर्यंत पोचलो. दौंड तालुक्याच्या या भागात धुराडी लांबूनच दिसतात. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळतोय, खाली चुलवाणात चिपाडं टाकतायत, म्हणजे ऊसच उसाला शिजवतो. पूर्वी रसातली मळी वर आणायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचे असं तिथल्या गुळव्याने सांगितलं. तो थर्मामीटर वापरत नाही, पाक पाण्यात टाकून बोटाने गोळी होते का बघतो. गरम गूळ पळसाच्या पानावर दिला, जीभ भाजली तरी थांबवेना. ताईंना शुगर आहे. मी काही बघितलं नाही.

वाळकीच्या संगमावर पोचेस्तोवर साडेचार. इथे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तिचं नाव संपतं, पुढे सगळी भीमाच. खूप भव्य वगैरे नाही हो, दोन पाणी एकमेकांत सरकतात, मध्ये जलपर्णीचे हिरवे पुंजके तरंगत जातात, पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. ताईंनी पायऱ्यांवर बसून चपला काढल्या, पाणी बघितलं, परत घातल्या. मग लेकाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने विचारलं किती किलोमीटर झाले. ताई म्हणल्या, "ते काकूला विचार. चार महादेव झाले."

माझ्या मोबाइलवर 71 होते. केडगावला पोचून 84. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, त्यांनी तिथे राहून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि छापलं पण तिथल्याच छापखान्यात, ते बघायचं फार मनात होतं पण अंधार पडत आलेला. परत यायला मार्केट यार्डात गूळ घेऊन जाणारा एक पिकअप मिळाला, गुऱ्हाळवाल्यानेच फोन करून ठरवून दिला. सायकली ढेपांवर आडव्या, आम्ही दोघी पुढे ड्रायव्हरशेजारी. यवतच्या पुढे ताई झोपल्या. घरी आल्यावर सायकलीच्या चेनला मुंग्या लागल्या होत्या.

पुढच्या वेळी दौंडहून सिद्धटेक, भीमेच्या काठाने, जमलं तर पेडगावचा किल्ला. प्रेस्टाचे अडॅप्टर दोन आणलेत, एक माझ्या पाउचमध्ये आणि एक ताईंच्या पर्समध्ये, कारण पंप कोण विसरलं हे त्या अजून सगळ्यांना सांगतायत.