ओगराळं

क्लीव्हलंड स्ट्रीटवर पोचलो की माझा एक ठरलेला कार्यक्रम असतो. लंडनमध्ये मी पायी सहली नेते आणि डिकन्सच्या सहलीत लोकांना सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. पिशवीतून स्टीलचं वाडगं काढायचं, त्याच्या कादंबरीतल्या अनाथ पोरासारखं, ऑलिव्हर ट्विस्टसारखं, केविलवाणं तोंड करायचं आणि म्हणायचं, ‘सर, मला अजून हवंय.’ मराठी ग्रुप असला तर ‘अहो वाढा तिला!’ हमखास ऐकू येतं.

त्या दिवशी सात जण होते, सगळे लेकाकडे किंवा लेकीकडे आलेले. सहा जण हसले. सकाळपासून गप्प असलेल्या एका काकांनी विचारलं, “ताई, त्या वाडग्यात मावायचं किती?”

माप कादंबरीत नाही, पण बाकी हिशेब आहे. दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा एक कांदा, रविवारी अर्धा पाव. मोठा सण असेल तर वर सव्वादोन औंस ब्रेड.

“म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम,” काका म्हणाले. “आणि भांडी घासायला कोण?”

“घासावी लागायचीच नाहीत. पोरं चमच्यानं खरवडून वाडगी लख्ख करायची, असं लिहिलंय.”

“बरोबर लिहिलंय. ताटं तशीच यायची परत.”

काका एका बालगृहात अधीक्षक होते. अठ्ठावीस वर्षं.

मग मी नेहमीचं सांगू लागले. याच रस्त्यावरच्या वर्कहाऊसपासून, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या जागेपासून, काही घरं सोडून डिकन्स लहानपणी आणि पुन्हा तरुणपणी राहिला. 1834 च्या गरिबांसाठीच्या कायद्यामागचं धोरणच असं, की आतलं जगणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षा वाईट हवं, म्हणजे कोणी दारात येणार नाही. 1837 च्या फेब्रुवारीत मासिकातून ऑलिव्हर क्रमशः छापून येऊ लागला.

“म्हणजे उपासमार वरून मंजूर होऊन आलेली,” काका म्हणाले. मग विचारलं, “पण मागायला यालाच का धाडलं?”

हा भाग मी एरवी गाळते. एक उंच पोरगा, बापाची खानावळ होती त्याची, त्यामुळे अर्धपोटी राहायची सवय नव्हती. तो म्हणाला, आणखी एक वाडगं मिळालं नाही तर शेजारी झोपणाऱ्या बारक्याला मी रात्री खाऊन टाकीन. पोरं घाबरली. चिठ्ठ्या टाकल्या. ऑलिव्हरची निघाली.

“आमच्याकडे चिठ्ठ्या नव्हत्या. मोठी पोरं बारक्याला पुढे ढकलायची. पोरांच्या खाण्यापिण्याचं सरकारी परिपोषण अनुदान महिनोन्‌महिने यायचं नाही, वाणी उधारी बंद करायचा, आणि ओगराळं माझ्या हातात.” जरा थांबून म्हणाले, “मग त्या वाढणाऱ्यानं काय केलं?”

“ओगराळंच हाणलं डोक्यात.”

“मी हात नाही उगारला कधी. एकाच्या फायलीत ‘उद्धट’ असा शेरा मारला. नऊ वर्षांचा होता. पोराची बदली झाली की फाइल बरोबर जाते.”

बाकीची मंडळी एव्हाना समोर कॉफी घ्यायला गेली होती.

सॅफ्रन हिलवरून, म्हणजे कादंबरीतल्या चोरांच्या म्होरक्याच्या, फेगिनच्या, अड्ड्याच्या गल्लीतून, आम्ही भराभर निघालो. तिथे आता बघण्यासारखं काही नाही. पण काकांना फेगिनच्या टोळीतल्या खिसेकापू पोराचं, डॉजरचं, पुढे काय झालं ते हवं होतं. चोरलेली चांदीची तपकिरीची डबी त्याच्याकडे सापडली आणि आयुष्यभराचं काळं पाणी, मी म्हटलं. ऑलिव्हरला मात्र वारसा मिळतो. खरं सांगायचं तर मला ऑलिव्हर कधीच पटला नाही. वर्कहाऊसमध्ये वाढलेलं पोर इतकं शुद्ध इंग्रजी कुठून बोलणार? पोर म्हणून खरा तो डॉजर.

लंडनच्या बरो भागात मार्शलसी तुरुंगाची एक भिंत उरलीय, काळपट विटांची. 1824 मध्ये कर्जापायी डिकन्सचे वडील इथे होते आणि बारा वर्षांचा चार्ल्स नदीकाठच्या कारखान्यात बूटपॉलिशच्या बरण्यांना लेबलं चिकटवत होता. तिथे त्याच्या पोटात कळा आल्या तेव्हा एका मोठ्या पोरानं रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस त्याला शेकलं. त्या पोराचं नाव बॉब फेगिन. तेच नाव पुढे डिकन्सनं चोरांच्या म्होरक्याला दिलं. मला हे अजून पचलेलं नाही.

काका भिंतीवर हात ठेवून उभे होते. “शेकणाऱ्याचं नाव लक्षात राहिलं ना त्याच्या,” म्हणाले. “मला त्या पोराचं नाव आठवत नाही. शेरा आठवतो.”

निरोप घेताना त्यांनी वाडगं मागून घेतलं, आत बोट फिरवून खोली बघितली आणि परत दिलं.

पुढच्या ग्रुपला मी चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. कोणी हसलं नाही, फोटोही काढले नाहीत, आणि टिप निम्मीच मिळाली.