पाणी साधंच घ्यायचं

मिशन हॉस्पिटलच्या कुष्ठरोग विभागात दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, येशूनं बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पाय धुण्याचा विधी होतो. एरवी तो दहा मिनिटांत आटोपतो. पाळक गुडघे टेकतात, तांब्यातलं पाणी पावलावर सोडतात, टॉवेल लावतात आणि पुढच्याकडे सरकतात. त्या वर्षी नवे पाळक आले होते. सकाळीच ते आमच्या ड्रेसिंग रूममध्ये आले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही रोज धुता तसे धुवायचेत.’’

‘‘मग बारा जणांचे नाही व्हायचे,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘एकाला अर्धा तास लागतो. तिघांचे धुवा. आणि उघडी जखम नसलेलेच घ्या, जखमवाल्यांचं आम्ही वेगळं बघतो.’’

अर्धा तास का, ते सांगायला हवं. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारी नस या रोगात निकामी झाली, की तळव्याची जाणीव जाते आणि घामही थांबतो. घाम नाही म्हणून कातडी कोरडी पडते, भेगाळते. जाणीव नाही म्हणून भेग चिघळली तरी माणूस चालतच राहतो. बोटं रोगानं झडतात, हा समज वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कामातून खोडून काढला. पायाची वाट लागते ती न कळलेल्या इजांमुळे. सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधांनी जंतू मरतात, मेलेली नस मात्र उठत नाही. म्हणून रोग बरा झाला तरी पाय भिजवणं जन्मभर चालू राहतं.

पहिला घोळ पाण्याचा झाला. पाहुणे आलेल्या युवक मंडळाच्या पोरांनी मायेपोटी गिझरचं कढत पाणी टबात ओतलं. सिस्टरनी टब मोरीत उपडा केला. ज्याला चटका कळत नाही, त्याचा पाय ‘छान ऊन’ पाण्यातही भाजू शकतो. बऱ्याच जणांची बोटंही बधिर असतात, त्यामुळे हात घालून बघा म्हणण्यातही अर्थ नाही. नळाचं साधं पाणी, घोट्यापर्यंत, वीस मिनिटं. मोबाइल काढणाऱ्याला पाळकांनीच थांबवलं, ते बरं झालं. कुष्ठरुग्णांचे फोटो दाखवून देणग्या मागायची खोड जुनी आहे, तिच्यात आणखी भर कशाला?

पहिल्याच आजींनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. ‘‘नका हो पाळकसाहेब, तुमच्या हातानं नको.’’ बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्रही आधी नकोच म्हणतो, आणि प्रवचनात ती ओळ हमखास येते. पण ज्या पायांकडे लोकांनी वर्षानुवर्षं नाक मुरडून पाहिलं, ते परवानगीवाचून धरायचे नाहीत, हा इथला नियम. पाळक सरकून बसले आणि थांबले. थोड्या वेळानं आजी म्हणाल्या, ‘‘सिस्टर शेजारी बसणार असतील तर धुवा.’’

वीस मिनिटं काय करायचं, हे पाळकांना सुचेना. त्यांनी शास्त्रपाठ उघडला. सिस्टर म्हणाल्या, ‘‘ते संध्याकाळी. आत्ता त्यांच्याशी बोला.’’ मग आजींच्या नातवाचं बारावीचं गणित निघालं.

सिस्टरनी पाळकांना जमिनीवरच बसायला लावलं. खुर्चीवरून पावलाची वरची बाजू दिसते, इजा मात्र तळव्याला असते. विधीतही पाणी वरूनच सोडतात, त्यामुळे तळव्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. भिजून मऊ झालेला घट्टा खरखरीत दगडानं हलक्या हातानं, एकाच दिशेनं घासायचा. ब्लेड लावायचं नाही. पाळक पुढेमागे घासायला लागले तशा आजीच म्हणाल्या, ‘‘भांडं नाही ते. एकीकडूनच आणा.’’ मग बोटांच्या बेचक्यांतलं पाणी टिपून काढायचं. ओल राहिली तर तिथली कातडी पांढरी पडून फाटते. तळवा आणि टाच ओलसर असतानाच खोबरेल लावायचं, म्हणजे पाणी आत टिकतं. बेचक्यांत तेल नको.

शेवटी हाताच्या मागच्या बाजूनं तळवा चाचपतात, दोन्ही पायांची तुलना करत. पाळक उजव्या अंगठ्याच्या मुळाशी थांबले. ‘‘इथं गरम लागतंय.’’ सिस्टरनी हात लावला, मग आजींची चप्पल मागवली. पट्ट्याच्या चुकेचं, म्हणजे बारीक खिळ्याचं, टोक तळातून वर आलं होतं. कातडी अजून फाटली नव्हती; आणखी थोडं चालणं झालं असतं तर तिथं जखम ठरलेलीच होती.

आजींना शनिवारी ईस्टरसाठी गावी जायचं होतं. सिस्टर म्हणाल्या, ऊब उतरेपर्यंत त्या पायावर भार नाही. आजींचा चेहरा पडला. पाळकांनी ‘निदान रविवारपुरतं’ म्हणून शब्द टाकून पाहिला. सिस्टरनी नकारार्थी मान हलवली, तसे ते गप्प झाले. रविवारी प्रभुभोजनाचा भाकर-प्याला वॉर्डातच आणीन, एवढंच म्हणाले. चप्पल आमच्या चर्मकारमामांकडे गेली. रबर नवं, पट्टे शिवून, खिळे अजिबात नाहीत; सोमवारशिवाय मिळणार नव्हती.

उरलेल्या दोघांचे पाय होईपर्यंत सव्वासहा वाजले. उपासना सहाची होती.