वर्गातल्या हॅमस्टरची गोष्ट : तिसऱ्या मसुद्याची नोंद

वर्गात पाळलेल्या हॅमस्टरच्या, म्हणजे उंदरासारख्या एका छोट्या प्राण्याच्या, तोंडून सांगितलेल्या माझ्या बालकादंबरीचा तिसरा मसुदा या आठवड्यात सातव्या प्रकरणापर्यंत आला. आधीचे दोन मसुदे मी बाजूला ठेवले, कारण त्यांतला हॅमस्टर दिवसभर जागा राहून फळ्यावरची अक्षरे वाचत असे. प्रत्यक्षात हा प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ झोपतो, अंधार पडू लागला की हालचालीला लागतो, आणि त्याची नजर इतकी अधू असते की थोड्या अंतरावरचेही त्याला धूसर दिसते. प्राणी बोलतो एवढी एकच सूट कथेने घ्यावी आणि त्याचे शरीर मात्र जसे आहे तसेच ठेवावे, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

त्यामुळे माझा निवेदक मुलांना वासावरून आणि पावलांवरून ओळखू लागला, बाईंच्या बोटांना खडूचा वास आला आणि पाढे त्याच्या कानावर अर्धवट झोपेत पडू लागले.

सर्वाधिक वेळ चौथ्या प्रकरणाने घेतला. पिंजऱ्याची पाळी असलेली मुलगी घाईने दार उघडून झोपलेल्या हॅमस्टरला वरून उचलू पाहते आणि तो तिला चावतो. पूर्वी हा प्रसंग मी खोडी म्हणून लिहिला होता. परंतु वरून अचानक आलेला हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखाच वाटणार, हे ध्यानात आल्यावर प्रसंगाचा सूरच बदलला. आता ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तळहातावर सूर्यफुलाची एक बी ठेवून हात भुशावर टेकवते आणि न हलता थांबते. तो मिशा थरथरवत तिचे बोट हुंगतो, पुढचे दोन्ही पाय त्यावर ठेवतो, बी गालाच्या पिशवीत सरकवतो आणि पुन्हा कोपऱ्यात जातो. या चार ओळींसाठी दोन संध्याकाळी गेल्या, पण पुस्तकातला मला सर्वांत प्रिय भाग तोच आहे.

त्याला पिंजऱ्यात सोबती द्यावा, ही सूचना मी स्वीकारली नाही. सीरियन हॅमस्टर मोठेपणी एकटाच राहतो आणि दोघांना एकत्र ठेवल्यास ते जीवघेणे भांडतात. सोबत हवीच असेल तर शेजारच्या वर्गात गिनिपिगांची जोडी आणता येईल, कारण ते कळपात रमतात आणि शीळ घालून एकमेकांना साद देतात.

हॅमस्टरचे आयुष्य दोन-तीन वर्षांचेच असल्यामुळे कथा एकाच शैक्षणिक वर्षात बसवली आहे. आठव्या प्रकरणात तो सुट्टीसाठी त्या मुलीच्या घरी जाईल, आणि तिथल्या रात्रीची सुरुवात पिंजऱ्यातल्या त्याच्या पळायच्या चाकाच्या आवाजाने करायची आहे.