तू चहा ठेवलास

आज संध्याकाळी भरताची वांगी भाजून होईपर्यंत मी आक्काला कथेचे पहिले पान वाचून दाखवले. "तू चहा ठेवलास, दार लावलेस, कुणाला काही सांगितले नाहीस," इथवर आले आणि तिने पदर डोळ्यांना लावला. "हाई 'तू' कोनले म्हनी ऱ्हायनी? दादाले?" मला उत्तर देता आले नाही. ते पान मी माझ्याविषयी लिहिले होते.

वर्षभर माझ्या हातून 'मी' हा शब्द लिहवत नाही. 'मी उठले' असे म्हणायला उठणारे कुणीतरी आत असावे लागते. 'तू' म्हटले की त्या बाईकडे उंबऱ्यावर उभे राहून पाहता येते. जे मॅकइनर्नी यांच्या १९८४ सालच्या 'ब्राइट लाइट्स, बिग सिटी' या कादंबरीत आई गमावलेल्या तरुणाची कहाणी अशीच सांगितली आहे, आणि आईचे जाणे तो कितीतरी पाने दूर ठेवतो. पण इंग्रजीतल्या त्या संबोधनाला बाई-पुरुष कळत नाही. आपल्या 'तू'ला क्रियापद लगेच अडवते: उठलास की उठलीस?

रात्री पान पुन्हा तपासले. प्रत्येक वाक्यात क्रियापद चहाच्या, दाराच्या मागे गेले होते. ठेवणारी बाई की पुरुष, हे एकाही वाक्यातून कळत नव्हते. मी हे ठरवून केले नव्हते. आधी फार वाईट वाटले, की एवढे लिहूनही आक्काला त्यात मी दिसलेच नाही; या घरात माझ्यासाठी रडण्याची वेळ कधी येतच नाही. डॉक्टरांकडचे ते दोन महिनेसुद्धा... असो. मग आठवले, की अंगणात बायका जमल्या होत्या तेव्हा आक्का गेलेल्या दादाला 'तू'च म्हणत होती, तू असा कसा गेलास, तू कुणाला का सांगितले नाहीस. तिच्या कानाला 'तू' तिथूनच ऐकू येणार.

'तू उठलीस' असे लिहून पाहिले, तर दादा पानाबाहेर गेला. 'उठलास' लिहिले, तर मी उरले नाही. दोन्ही खोडली. चहाचे वाक्य तसेच ठेवले आहे. लाइट रात्रीची असली की गव्हाला पाणी देऊन पहाटे परतल्यावर चहा खरोखर तोच ठेवायचा, आणि माझा कप झाकून ठेवायचा.