भिंतीच्या पायथ्याचा पिवळा थर

प्रदूषण नियंत्रण मंडळातर्फे प्लेटिंगच्या कारखान्यात तपासणीला गेले की मालक सहसा आधी ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा, दाखवायला नेतात. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका क्रोम आणि झिंक प्लेटिंगच्या कारखान्यातही तसेच झाले. तक्रार शेजारच्या शेडवाल्याची होती: पावसाची मोठी सर येऊन गेली की कुंपणालगतच्या गटारात पिवळसर पाणी उतरते आणि तिथून ते नासर्डी नदीकडे जाणाऱ्या नाल्यात जाते.

शेडमध्ये शिरण्यापूर्वी मी सायनाइडची चौकशी करते, कारण सायनाइडचे पाणी चुकून आम्लात मिसळले तर जीवघेणा वायू सुटतो. इथे झिंकची लाइन सायनाइडविरहित होती. ईटीपीही, खरे सांगायचे तर, पुष्कळ ठिकाणांपेक्षा बरा होता. क्रोमचे पाणी वेगळ्या टाकीत येत होते. तिथे सल्फ्युरिक आम्लाने पीएच अडीचच्या आसपास आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घातले जाई आणि नारिंगी पाणी हिरवट झाले, म्हणजे विषारी षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी झाले, की चुन्याने पीएच वाढवून गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबला जाई. बाहेर पडणाऱ्या पाण्याची मी तिथेच डायफेनिलकार्बाझाइडने चाचणी घेतली; षट्संयुजी क्रोमियम असेल तर त्याने पाणी जांभळे होते. षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि इतक्या कमी प्रमाणात त्याचा पिवळेपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नुसत्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर विसंबता येत नाही. पण चाचणीतही जांभळी छटा आली नाही.

मग मी नोंदवह्या मागवल्या. क्रोमच्या टाकीत घालतात त्या क्रोमिक ॲसिडच्या १०० किलोंत ५२ किलो क्रोमियम असते आणि ते सगळे पाण्यात आले तर त्याच्या प्रक्रियेला, कागदावरच्या हिशेबानेसुद्धा, १४० किलोंहून अधिक मेटाबायसल्फाइट लागते. जॉबवर, म्हणजे प्लेटिंगला आलेल्या वस्तूंवर, चढणारा धातूचा थर वजा केला, तरी इथल्या खरेदीत मेटाबायसल्फाइटच्या गोण्या निम्म्यानेही भरत नव्हत्या. एक तर पाण्यावर अर्धवट प्रक्रिया होत होती, किंवा क्रोमियम ईटीपीपर्यंत पोहोचतच नव्हते; आणि बाहेर पडणारे पाणी तर माझ्यासमोरच चाचणीत उतरले होते.

क्रोमच्या टाकीवर काम करणारे प्लेटर जुने, अनुभवी होते. त्यांना विचारले तेव्हा ते सहज म्हणाले, "रोज सकाळी चार बोटं पातळी उतरलेली असते, मॅडम. वाफेनं जातं. आम्ही पाणी आणि क्रोमिक घालून भरून घेतो." बाथ, म्हणजे टाकीतले क्रोमचे द्रावण, चालू असताना पन्नासएक अंशांवर असतो, तेव्हा वाफ होणारच, परंतु वाफेने पाणी जाते, क्रोमिक ॲसिड मागेच राहून उलट दाट होते. जॉबला चिकटून थोडे जाते हेही खरे, पण ते धुण्याच्या टाकीतून ईटीपीतच यायला हवे. "रविवारी हीटर बंद असताना?" असे विचारल्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, "सोमवारी तर जास्तच उतरलेली असते."

टाकी थेट फरशीवर बसवलेली होती आणि मागच्या भिंतीशी जेमतेम वीतभर फट होती. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर भिंतीच्या पायथ्याशी, प्लॅस्टर फुगलेल्या जागी, हळदीचे बोट ओढावे तसा पिवळा, खरखरीत थर दिसला. चमच्याच्या टोकाने खरवडून तो मी ऊर्ध्वपातित पाण्यात टाकला. पाणी पिवळे झाले आणि चाचणीचे थेंब पडताच गडद जांभळे.

मालकांनी दुपारीच बाथ राखीव टाकीत उपसायला लावला, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. तळाशी पीव्हीसी अस्तराचा सांधा उघडला होता आणि खालचा पत्रा खाऊन गेला होता. सांडलेले अडवण्यासाठी टाकीभोवती व्यवस्थित बांध घातलेला होता, पण गळती बांधाच्या आत टाकीखाली होऊन फरशीच्या सांध्यांतून जमिनीत मुरत होती. "पण आउटलेट तर स्वच्छ आहे ना?" असे मालक पुन:पुन्हा विचारत होते. त्यात लपवाछपवी नव्हती असे माझे मत आहे. चोरटी नळी निदान शोधता तरी येते. इथे गळतीला सगळ्यांनी मिळून वाफ हे नाव दिले होते.

गटाराच्या चेंबरमधला नमुना जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार नोटीस देऊन, मालकांसमक्ष दोन भाग करून, सीलबंद करून, दोघांच्या सह्यांनिशी घेतला. षट्संयुजी क्रोमियमच्या बाटलीत आम्ल घालायचे नसते, नाहीतर त्याचे रूप बदलू शकते. म्हणून ती नुसती बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेत पोहोचवली.

क्रोमची लाइन बंद झाली, फरशी फोडावी लागली आणि खालची पिवळी-हिरवी माती घातक कचरा म्हणून रांजणगावच्या प्रक्रिया केंद्रात गेली. नवी टाकी वाकून खाली पाहता येईल इतक्या उंच स्टँडवर बसवली आहे. शेजाऱ्याच्या बोअरच्या पाण्यातही क्रोमियम निघाले, त्यामुळे तो उपसा बंद आहे. टँकरचे पैसे कोणी द्यायचे यावर दोघांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि त्याची एकेक प्रत माझ्याकडे येते.